ओगणीस

मकरपुऱ्याच्या बेअरिंग कारखान्यात
मुरोईसान आले तीन महिन्यांसाठी, तपासनीस म्हणून.
मी त्यांचा दुभाषा, फणसे, दांडिया बाजारचा.
पहिल्याच दिवशी हातातला शाफ्ट बाजूला ठेवून
त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.
डावी टाच जास्त झिजलीय, म्हणाले,
गुडघा सांभाळा.

मग हळूहळू कळलं, हा माणूस फुटबॉल खेळायचा.
पंधरा वर्षं, पगारी, पुढच्या फळीत.
उत्तरेकडचं कुठलंसं मासळीचं गाव,
नोव्हेंबरात मैदानावर बर्फ,
सामन्याआधी खेळाडूंनीच फावडी घ्यायची.
बघायला डबाबंद माशांच्या कारखान्यातली
पाळी सुटलेली माणसं, अंगाला वास तसाच.
वडील त्यांतच. टाळ्या न वाजवणारे.
दुसरी श्रेणी, मग तिसरी, परत दुसरी.
पहिलीत एकदाच, चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, बदली म्हणून.
चेंडूला पाय लागला नाही.
तेहतिसाव्या वर्षी क्लबनं लिफाफा दिला.
लिफाफा फार सुबक होता,
असं ते सेव-उसळीच्या गाडीवर म्हणाले,
नाक पुसत, आणखी तर्री मागत.

रविवारी त्यांना पोलो ग्राउंडवर नेलं.
नवापुऱ्याची पोरं, चपलांचे गोलखांब.
"केटला गोल?"
मी विचारलं. ते म्हणाले, एकोणीस,
दोनशे बारा सामन्यांत.
फॉरवर्डला हा आकडा पुरत नाही
एवढं मलाही कळतं,
जन्मभर फक्त क्रिकेटचा स्कोअर विचारणाऱ्याला.
पोरांची तोंडं बघितली
आणि म्हणालो, एकाणुं.
एक्याण्णव.

बावीस वर्षांत मी एक मायक्रॉन
इकडचा तिकडे केला नव्हता.

शिट्ट्या वाजल्या. मुरोई थांबले.
सहा आठवडे ते जसुभाईंबरोबर
नापास बेअरिंगं मोजत होते, एक, बे, त्रण.
"ओगणीस," ते म्हणाले.
माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी सभ्यता.

"तो बाकीनी मॅचमां शुं कर्युं?"
अस्फाकनं विचारलं. मी मान खाली घालून
शब्द न शब्द पोचवला.
उत्तर आलं एका शब्दाचं, आणि मी अडलो.
आमिष? चकवा? हुलकावणी?
पारधी जाळ्याशेजारी पाळलेला पक्षी बांधतो ना,
ज्याच्या हाकेला रानातले उतरतात, तो.
मी शब्द शोधतोय तोवर ते पळाले होते.

चेंडू भलतीकडे,
आणि हा एकावन्न वर्षांचा माणूस
उजव्या कोपऱ्याकडे असा सुटला
जणू चेंडू त्याच्याच नावानं निघालाय.
हात वर, जपानीत आरडाओरडा,
गुडघा कटकट वाजतोय इथवर ऐकू येतंय.
अस्फाक धावला मागे, मेहुल धावला,
गोलकीपरही दोन पावलं सरकला.
मध्ये एवढं अंगण मोकळं झालं
की राठवांची झंखना, जिला कुणी पास देत नाही,
त्यात चालत शिरली, चालत,
आणि चपलांमधून चेंडू ढकलला.

सगळे तिच्यावर कोसळले.
मुरोई लिंबाखाली, गुडघ्यांवर हात, धापा टाकत.
हे, म्हणाले. बहुतेक वेळा हे.
गोल करणारा कधीकधी माझ्याकडे बोट दाखवायचा.
बहुतेकांना सुचत नाही. गडबड असते.

सोमवारी मीटिंग.
ते बोलले, मी बोललो,
जसुभाई बोलले, मी बोललो.
इतिवृत्तात मी नव्हतो. नसतोच.
कागद गोळा करून सगळे निघाले.
दारातून जाता जाता मुरोईंनी
पेन धरलेल्या हाताचं बोट इकडे केलं.

मी मागे वळून पाहिलं,
कोण उभंय म्हणून.